साइट तीन भाषांत आहे, हे गुगलला नेमकं सांगायचं कुठे?

ताईंचा प्रश्न थोडक्यात असा. देवगडजवळ घरगुती होमस्टे आणि आंब्याची बाग, साइट मराठी, हिंदी, इंग्रजी तिन्हीत करून घेतलीय. एक जण म्हणतो साइटमॅपमध्ये, म्हणजे साइटच्या सगळ्या पानांच्या पत्त्यांची गुगलसाठी ठेवलेली यादी असते त्या फाईलमध्ये, प्रत्येक पत्त्याला भाषा लावा, दुसरा म्हणतो पानाच्या कोडमध्ये वरती लँग लिहिलं की झालं, तिसरा म्हणतो काहीच करू नका गुगलला आपोआप कळतं. आणि पुण्याच्या भावाने सर्च केलं तर त्याला इंग्रजीच पान येतंय. शिवाय सासूबाईंच्या मालवणीतल्या पाककृतींचं एक पान आहे, त्याला कुठली भाषा लावायची?

तिघांचंही थोडं थोडं खरं आहे म्हणून तर घोळ होतो. मी रत्नागिरीत बसून गेली बारा-तेरा वर्षं होमस्टेवाले, आंबेवाले, कोकम-काजूवाले अशांच्या साइट करतोय, त्यामुळे ह्या विषयातल्या बहुतेक चुका स्वतः करून झाल्यात. जरा लांब लिहितो, चहा घेऊन बसा. आणि एक, इथे मी कोडमधले शब्द देवनागरीत लिहितोय, फाईलमध्ये ते अर्थातच रोमन अक्षरांतच टाकायचे.

पहिलं हे डोक्यातून काढा की साइटमॅपमध्ये एम-आर, म्हणजे मराठीचा कोड, लिहिलं म्हणून गुगल ते पान मराठी धरतं. नाही धरत. पान कुठल्या भाषेत आहे हे गुगल पानावरचा दिसणारा मजकूर वाचून ठरवतं, त्यासाठी ते ना साइटमॅपमधली भाषा बघत ना एचटीएमएलचं लँग, आणि हे त्यांनी स्वतःच सांगून ठेवलंय. एसटीची पाटी बदलली म्हणून गाडीचा रूट बदलत नाही तसंच. म्हणजे तिसरा माणूस इथपर्यंत बरोबर.

मग ती भाषेची ओळ, म्हणजे एचरेफलँग, कशासाठी असते? तर ती नातं सांगायला असते. "हे पान आणि ते पान एकच आहे, हे मराठी वाचणाऱ्याला दाखव, ते हिंदीवाल्याला." गुगलने हे २०११ च्या डिसेंबरात आणलं, २०१२ मध्ये तेच साइटमॅपमधून सांगायची सोय केली आणि २०१३ ला त्यात एक्स-डिफॉल्ट आलं (बाकी भाषांच्या लोकांसाठीची ओळ, पुढे सांगतो). त्याने तुमचा नंबर वर चढत नाही, हे आधीच सांगतो कारण बरेच जण त्याच आशेने करतात. इंग्रजी पान जिथे येणार होतं तिथे योग्य माणसाला त्याच्या भाषेतलं पान मिळावं, एवढंच त्याचं काम.

आता साइटमॅपमध्ये ते दिसतं कसं. समजा तुमचं खोल्यांचं पान आहे, इंग्रजीचा पत्ता स्लॅश ई-एन स्लॅश रूम्स, मराठीचा स्लॅश एम-आर स्लॅश खोल्या, हिंदीचा स्लॅश एच-आय स्लॅश कमरे. साइटमॅपमध्ये ह्या तिघांच्या तीन वेगळ्या नोंदी पाहिजेत, म्हणजे तीन यूआरएल टॅग, आणि प्रत्येकीत लॉक टॅगमध्ये स्वतःचा पत्ता. त्याच्याखाली एक्सएचटीएमएल-लिंक नावाच्या तीन ओळी, प्रत्येक ओळीत रेल म्हणजे अल्टरनेट, मग भाषेचा कोड, मग पूर्ण पत्ता. तीन ओळी का, तर त्यात स्वतःची पण ओळ धरायची. इथे नव्वद टक्के लोक चुकतात, मराठीच्या नोंदीत फक्त हिंदी आणि इंग्रजीची ओळ टाकतात, की "मराठी तर मी स्वतःच आहे, ते कशाला". टाकायचं. तीन नोंदी, प्रत्येकीत तीन ओळी, झाल्या नऊ, आणि गंमत म्हणजे तिन्ही नोंदींतल्या त्या तीन ओळी अक्षरशः सारख्याच असतात, फक्त लॉकचा पत्ता बदलतो. म्हणून हे हाताने करायचं कामच नाही. तुमची चाळीस पानं धरली तर तीन भाषांत १२० नोंदी आणि ३६० ओळी होतात, एक्सेलमध्ये तीन कॉलम करा, एका आडव्या ओळीत एकाच पानाचे तीन पत्ते, आणि डेव्हलपरला सांगा ह्यावरून फाईल बनवून दे. तो एक्सेल जपून ठेवा, पुढे पान वाढलं की त्यात ओळ वाढवायची. मर्यादेची चिंता तुम्हाला नाही, एका साइटमॅपला ५०,००० पत्ते किंवा ५० एमबी चालतात.

फाईलच्या सगळ्यात वर यूआरएलसेट टॅगमध्ये एक्सएचटीएमएलची नेमस्पेस, म्हणजे ते एक्सएचटीएमएल-लिंक नाव कुठलं हे सांगणारी ओळ, जाहीर करावी लागते. ती विसरली तर फक्त भाषेच्या ओळी नाही, अख्खी फाईलच वाचता येत नाही म्हणून बाद होते. आणि पत्ता पूर्ण लिहायचा, एचटीटीपीएसपासून. साइट डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू सकट उघडते का त्याशिवाय, शेवटी स्लॅश आहे का नाही, जसं आहे तसंच. "उघडतंय ना मग काय" हे इथे चालत नाही, कारण जो पत्ता दुसरीकडे वळवला जातो तो गुगलच्या हिशोबात वेगळा पत्ता.

ह्यातली सगळ्यात महत्त्वाची अट म्हणजे दोन्हीकडून होकार. मराठी पान म्हणतं इंग्रजी माझं भावंड, पण इंग्रजी पान मराठीचं नावच घेत नाही, तर गुगल ते नातं सोडून देतं. अट मुद्दाम ठेवलीय, नाहीतर कोणीही उठून स्वतःच्या पानाला दुसऱ्याच्या मोठ्या साइटचं भावंड म्हणून जोडलं असतं. सोयरिकीसारखं आहे, एका घराने पत्रिका छापून भागत नाही. साइटमॅपची पद्धत मला आवडते ती ह्याच कारणाने, दोन्ही बाजू एकाच फाईलमध्ये डोळ्यांसमोर असतात. पानापानाच्या कोडमध्ये टाकलं की एखादं पान बदलल्यावर बाकीच्या दोघांत बदल करायचा राहतो आणि कोणाला पत्ताच नसतो.

आता माझी चूक सांगतो. पाच-सहा वर्षांपूर्वी मालवणकडच्या एका जुन्या गिऱ्हाईकाची साइट तीन भाषांत केली, भाषेच्या ओळी एकदम चोख, मीच तपासल्या. दोन-तीन आठवड्यांनी त्यांचा फोन, "मेल्या, माझी मराठी पानां खंय गेली रे?" सर्चमधून मराठी पानं गायब, फक्त इंग्रजी. दोन दिवस मी साइटमॅपच उलटापालटा करत बसलो, बाहेर धो धो पाऊस, लाईट येतेय-जातेय, आणि चूक साइटमॅपमध्ये नव्हतीच. कॅनॉनिकल टॅग मी तिन्ही भाषांत इंग्रजी पानाचा ठेवला होता, जुन्या टेम्प्लेटमधून आलेला तसाच. कॅनॉनिकलचा अर्थ "असली पान ते, मी त्याची कॉपी". म्हणजे मराठी पान एका तोंडाने सांगतंय मी मराठीवाल्यांसाठीचं वेगळं पान, आणि दुसऱ्या तोंडाने सांगतंय मी इंग्रजीची कॉपी, मला धरू नका. गुगलने दुसरं ऐकलं. तर मराठी पानाचा कॅनॉनिकल मराठी पानच, हिंदीचा हिंदी. तुमच्या साइटवर आधी हे बघा, पानावर राइट क्लिक करून सोर्स उघडा आणि कॅनॉनिकल शब्द शोधा, दोन मिनिटांचं काम आहे. नोइंडेक्स (म्हणजे "मला सर्चमध्ये दाखवू नका") लावलेलं किंवा उडवलेलं पान पण ह्या ओळींत ठेवू नका.

कोडचं बघू. भाषा आधी, दोन अक्षरी, आणि हवाच असेल तर नंतर आडवी रेघ देऊन देश. मराठी एम-आर, हिंदी एच-आय, इंग्रजी ई-एन. बास. तुमच्यासाठी देश लावायची गरज नाही, कारण लंडनमधल्या मराठी माणसाला पण तेच पान दाखवायचंय ना? देश कधी लावायचा, तर एकाच भाषेची दोन पानं दोन देशांसाठी वेगळी असतील तेव्हा, म्हणजे इथले रेट रुपयांत आणि दुबईला आंबा पाठवायचे दिरहॅममध्ये असं काही. नुसता देश मात्र कधीच चालत नाही. भारतासाठी म्हणून लोक नुसतं आय-एन टाकतात, आणि भाषांच्या यादीत आय-एन हा इंडोनेशियन भाषेचा जुना कोड! ब्रिटनसाठी यू-के लिहितात, तिथे जी-बी पाहिजे.

आणि आपल्याकडची खास चूक, ही मी तीन वेगवेगळ्या साइटवर बघितली, एम-आर नंतर रेघ देऊन एम-एच. महाराष्ट्र म्हणून. डोक्यात गाडीची नंबरप्लेट, एमएच ०७, एमएच ०८. पण तिथे देशांचे कोड लागतात, राज्यांचे नाही, आणि देशांमध्ये एम-एच म्हणजे मार्शल आयलंड्स. पॅसिफिक महासागरातल्या बेटांवर राहणाऱ्या मराठी लोकांसाठी आपलं देवगडचं होमस्टे! एकाने तर दोन्हीकडे एम-आर लिहिलं होतं, देशांत एम-आर म्हणजे मॉरिटानिया. हसू नका, अशा ओळी फाईलमध्ये वर्षानुवर्षं पडून असतात कारण साइट काही बंद पडत नाही, एररही येत नाही. पूर्वी सर्च कन्सोलमध्ये (साइटवाल्यांसाठीचं गुगलचं तपासायचं साधन) इंटरनॅशनल टार्गेटिंग नावाचा रिपोर्ट होता, त्यात निदान "समोरून होकार नाही" हे तरी दिसायचं, तो २०२२ मध्ये काढून टाकला. आता स्वतःच बघायला लागतं.

मराठी पत्त्यांची आणखी एक भानगड आहे. मी वर स्लॅश खोल्या लिहिलं, तसा देवनागरी पत्ता खरंच ठेवता येतो, गुगलला त्याचं वावडं नाही. पण साइटमॅपच्या फाईलमध्ये तो टक्क्याच्या चिन्हांत रूपांतर करून लिहावा लागतो. देवनागरीतलं प्रत्येक अक्षर, प्रत्येक मात्रा तीन बाइटची, आणि प्रत्येक बाइटला टक्का धरून तीन चिन्हं, म्हणजे एकाला नऊ. नुसतं "देवगड" घ्या, द, एकाराची मात्रा, व, ग, ड, हे पाच झाले, पाच नव्वे पंचेचाळीस. व्हॉट्सअॅपवर लिंक पाठवली की गेस्टला ती वीतभर लांब टक्क्यांची माळ दिसते आणि त्याला वाटतं हा काय फ्रॉड आहे. वर्डप्रेसमध्ये (बऱ्याच साइट ज्यावर बनतात ते सॉफ्टवेअर) तर पत्त्याच्या ह्या भागाला २०० चिन्हांचीच जागा आहे, म्हणजे मात्रा धरून जेमतेम २२ अक्षरं. "देवगडमधला समुद्रकिनारी घरगुती होमस्टे" असा मथळा दिला तर पत्ता "घरगुती" पूर्ण व्हायच्या आतच कापला जातो. आणि मग कोणीतरी एक्सेलमध्ये मथळ्यावरून पूर्ण पत्ता टाइप करतो, तो खऱ्या पत्त्याशी जुळत नाही, आणि ओळ वाया. म्हणून मी तरी आजकाल मराठी शब्दच ठेवतो पण रोमन अक्षरांत, छोटे. काही लोकांना हे पटत नाही, मराठी साइटचा पत्ता मराठीतच पाहिजे म्हणतात, त्यांच्याशी मी वाद घालत नाही, फक्त पत्ता ब्राउझरमधून कॉपी करा, टाइप करू नका, एवढंच सांगतो.

साइटमॅपमध्ये टाकायचं का पानाच्या हेडमध्ये, म्हणजे कोडच्या वरच्या, पानावर न दिसणाऱ्या भागात? दोन्ही गुगलला सारखेच, तिसरी जागा सर्व्हरच्या हेडरमध्ये असते ती पीडीएफसारख्या फाईलींना कामाची. कुठलीही एकच निवडा. दोन्हीकडे टाकलं म्हणून दुप्पट फायदा होत नाही, उलट उद्या एकीकडे बदल होतो, दुसरीकडे राहतो आणि दोघांत भांडण. तुमची साइट वर्डप्रेसवर असेल आणि पॉलिलँग किंवा डब्ल्यूपीएमएल हे अनेक भाषांसाठीचं प्लगिन असेल तर त्या ओळी हेडमध्ये आधीच येत असतात, मग साइटमॅपच्या मागे लागू नका. वर्डप्रेसचा स्वतःचा साइटमॅप २०२० पासून आहे पण त्यात भाषेच्या ओळी नसतात, त्यामुळे "साइटमॅप आहे की" म्हणून गाफील राहू नका. हेडमध्ये असतील तर एवढं बघा की त्यांच्या आधी कोणी आयफ्रेम किंवा इमेजचा कोड हेडमध्ये घुसवलेला नाही. चॅटवाले, जाहिरातवाले तसे कोड देतात. असं काही मध्ये आलं की हेड तिथेच संपलं असं धरलं जातं आणि खालच्या ओळी बॉडीत गेल्या म्हणून सोडून दिल्या जातात.

आता तुमच्या भावाचं. त्याने फोनवर काय टाइप केलं विचारा. माझी पैज आहे, रोमन अक्षरांत "देवगड होमस्टे" टाइप केलं असणार आणि फोनची भाषा इंग्रजी असणार. मग इंग्रजी पान येणं हेच बरोबर आहे, त्यात बिघाड काही नाही. गुगल माणसाचं आडनाव बघून भाषा ठरवत नाही. मुंबई-पुण्याचे आपले चाकरमानी निम्म्याहून जास्त असेच शोधतात, त्यामुळे इंग्रजी पानावर वरती ठळक "मराठीत वाचा" अशी साधी लिंक ठेवा, ती साध्या ए टॅगची पाहिजे, मराठीच्या त्याच पानावर नेणारी, होमपेजवर नाही. भावाला म्हणावं देवनागरीत टाइप करून बघ, तरी इंग्रजी आलं तर मात्र गडबड आहे.

आणि कृपा करून फोनची भाषा किंवा गाव बघून आपोआप पान फिरवणारी स्क्रिप्ट लावू देऊ नका. गुगलचा बॉट, म्हणजे पानं वाचत फिरणारा त्यांचा प्रोग्राम, बहुतेक वेळा अमेरिकेतून येतो आणि मला अमुक भाषा हवी असं सांगतही नाही, त्याला तुम्ही दर वेळी इंग्रजीवर ढकलाल तर मराठी पान तो बघणार कधी? एकाच पत्त्यावर बटण दाबून भाषा बदलणारं ट्रान्सलेट विजेट पण ह्या कामाचं नाही, भाषेला स्वतंत्र पत्ताच नसेल तर ओळ लावायची कशाला.

एक्स-डिफॉल्टची चौथी ओळ टाका, ती बाकी सगळ्या भाषांच्या लोकांसाठी. तुमच्या बाबतीत ती इंग्रजी पानाचाच पत्ता देईल, एकच पत्ता दोन ओळींत चालतो. जर्मन टुरिस्ट आला तर त्याला हिंदीपेक्षा इंग्रजी बरं.

मजकूर तिन्हीकडे शब्दाला शब्द असायला पाहिजे असं नाही. इंग्रजी पानावर हापूसला २०१८ मध्ये मिळालेल्या जीआयचा (भौगोलिक मानांकनाचा) परिच्छेद आहे आणि मराठीत त्याऐवजी पेटीत किती डझन, आढी कशी लावायची हे आहे, तरी ती भावंडंच. पण फक्त मेनू आणि बटणं मराठी आणि खाली सगळं इंग्रजी, असं पान मराठी म्हणून लावू नका. उलट पण होतं, पानावर दहा फोटो आणि "हापूस, दर, संपर्क" एवढेच शब्द, आता हे मराठी का हिंदी? लिपी तर एकच. गुगलला वाचायला चार परिच्छेद धड मराठीतले द्या, "आहे", "नाही", "आमच्याकडे", "मिळेल" असे शब्द आले की शंकाच राहत नाही. तुमची हिंदी पानं मी बघितली नाहीत, पण अर्धवट मशीनची असतील तर सध्या काढून टाका आणि तिन्हीकडच्या ओळींतूनही काढा.

दुसऱ्या माणसाच्या लँगबद्दल. गुगलसाठी नसलं तरी ते लिहाच, एचटीएमएलच्या टॅगमध्ये एम-आर. आंधळ्या माणसाचा स्क्रीन रीडर त्यावरून मराठी आवाज निवडतो, आणि काही फॉन्टमध्ये तर चक्क अक्षर बदलतं, "ल" आणि "श" मराठी वळणाचे दिसतात, नाहीतर हिंदी वळणाचे. बिंगचं सांगायचं तर ते कंटेंट-लँग्वेजच्या मेटा टॅगकडे बघतं, एक ओळ आहे, टाकून द्या.

सगळं करून साइटमॅप सर्च कन्सोलमध्ये दिला की दुसऱ्या दिवशी बघत बसू नका. तिन्ही पानं वाचून झाल्याशिवाय नातं पक्कं होत नाही, छोट्या साइटला काही आठवडे जातात. तोवर सर्च कन्सोलमध्ये मराठी पानाचा पत्ता टाकून तपासा, "गुगलने निवडलेला कॅनॉनिकल" म्हणून तिथे मराठीचाच पत्ता दिसतोय ना, माझ्या वेळी तिथे इंग्रजी दिसत होता आणि मी तिकडे बघितलंच नव्हतं.

राहिलं सासूबाईंचं पान. मालवणीला ह्या ओळींत लावता येईल असा कोड नाही. कोकणी १९९२ मध्ये आठव्या अनुसूचीत आली तरी तिलाही दोन अक्षरी कोड नाही, तीन अक्षरी आहे, के-ओ-के, आणि एचरेफलँगला दोन अक्षरीच लागतात. मालवणी म्हणजे मराठी का कोकणी हा वाद मी इथे काढत नाही, घरी पुरेसा होतो. घावन्याची आणि तिरफळं घातलेल्या बांगड्याच्या कालवणाची कृती त्यांनी सांगितली तशीच मालवणीत राहू दे, वर दोन ओळी साध्या मराठीत लिहा म्हणजे शोधणाऱ्याला सापडेल, आणि साइटमॅपमध्ये नुसता पत्ता द्या, भाषेची एकही ओळ न लावता. दुसऱ्या भाषेत ते पानच नाही, तर नातं जोडणार कोणाशी.